सात काड्यांचं खोड

माझ्या मोठ्या जावेचं नाव काढलं की आधी माझं डोकं तापतं, बाकीचं मग आठवतं. बत्तीस वर्षं एका घरात काढली आम्ही. एक जिना, एक गच्ची, एक नळ. मी तिला ताई म्हणते आणि अगं-तुगं करते, कारण ती माझ्याहून चारच वर्षांनी मोठी. भांडण झालं की मात्र मी 'तुम्ही'वर येते. आमच्या घरात राग वाढला की आदर वाढतो. जिन्यातून "अहो ताई, जरा इकडे बघण्याची कृपा कराल का?" असं ऐकू आलं, की शेजारची माणसं आपापली दारं लावून घेतात.

ताईचं दुकान घराच्या खालीच आहे. पंख्याची, पंपाची, शिलाई मशीनची, कसलीही मोटर जळली की ती नव्याने भरून देते. अख्खी गल्ली तिला 'वाइंडिंगवाली' म्हणते. दुकान मुळात माझ्या मोठ्या दिरांचं. ते गेले तेव्हा ताई एकतीस वर्षांची होती, पदरात मूल नाही. आमचे हे म्हणाले, दुकान भाड्याने देऊ. पुढच्या सोमवारी सकाळी शटर वर गेल्याचा आवाज आला, खाली जाऊन बघते तर ही बाई दिरांच्या स्टुलावर बसून तार गुंडाळतेय. एक गिऱ्हाईक आलं, इकडे-तिकडे बघून म्हणालं, "कारागीर कुठे गेलाय?" ताई मान वर न करता म्हणाली, "समोर बसलाय."

हे काम कसं असतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. जळलेल्या मोटरीतली काळी पडलेली तार उपसून काढायची. किती वळसे होते ते मोजायचे. खाचांमध्ये नवा कागद घालायचा, तितक्याच वळशांची नवी तांब्याची तार भरायची, दोऱ्याने आवळून बांधायची, व्हार्निश ओतून भट्टीत वाळवायची. एकदा व्हार्निश वाळलं की आत तांबं आहे की रंग दिलेलं ॲल्युमिनियम, तार नवी की जुनीच पुसून घातलीय, हे कुणाच्या बापाला कळत नाही. गिऱ्हाईक नुसत्या शब्दावर मोटर उचलून नेतं. "नवी तार म्हटलं ना मी? म्हणजे नवी तार." हे वाक्य मी ताईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवेन. आणि खरंच सांगते, भांडताना मी तिला काय वाट्टेल ते बोलले असेन, पण तिने कुणाच्या मोटरीत कधी खोटी तार घातली नाही.

आता त्या बोगनवेलीचं. तेवीस वर्षांपूर्वी समोरच्या बंगल्याचं कुंपण छाटलं होतं. बोगनवेलीच्या काटेरी फांद्या रस्त्यावर पडल्या होत्या, गाड्या त्यांच्यावरून जात होत्या. ताई दुपारी दुकान बंद करून गेली आणि तो कचरा कवेत घेऊन आली. हातभर ओरखडे. मी म्हटलं, "ताई, घरात केरसुणी आहे आपल्या, नवी कशाला आणलीस?" तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या निवडल्या, पानं खुडली, कोंब फुटतो त्या डोळ्याच्या खाली तिरका छेद घेतला आणि वाळू भरलेल्या जुन्या डब्यांत खोचल्या. वरून प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून सावलीत ठेवल्या. तीस काड्या होत्या. माझ्या न्हाणीघराच्या खिडकीत, माझ्या साबणाच्या जागेवर! तेव्हा आमचं चार दिवस बोलणं बंद होतं.

तीसपैकी तेवीस कुजल्या. सात जगल्या. दुसऱ्या वर्षी त्या सातही काड्या तिने एका कुंडीत एकमेकींना चिकटवून उभ्या केल्या आणि मोटरीतून निघालेल्या जळक्या तांब्याच्या तारेने आवळून बांधल्या. जळकी तार मऊ असते म्हणे, मुकाट वळते, झाडाला जाचत नाही. मी विचारलं, "ही काय भाजीची जुडी बांधलीस?"

"एक होतील," ती म्हणाली.

"माणसं होत नाहीत एका घरात, काड्या होतायत!"

"माणसांना तार बांधता येत नाही," ताई म्हणाली. असलं बोलायची ती. मग दिवसभर माझा जळफळाट व्हायचा.

आणि झाल्या की एक. आधी सालीला साल टेकली, मग मधल्या फटी बुजल्या, मग बांधलेली तारही खोडाने हळूहळू गिळून टाकली. ती म्हणाली, सोडवायला गेले तर साल फाटेल, राहू दे आत. दहा वर्षांनी बघणाऱ्याला वाटावं, हे एकच खोड, माझ्या मनगटाहून जाड, खाली फुगलेलं, अंगावर उभ्या वळ्या असलेलं. वर मात्र जेमतेम दीड हात उंची. दर सहा-आठ महिन्यांनी ती फांद्यांना तार गुंडाळायची, थोडं वाकवायची, तार रुतायच्या आत कापून काढायची. उलगडायची नाही, तुकडे करून काढायची, कारण उलगडताना फांदी मोडते. कुंडी बदलताना मुळांना असं धरायची की आपण श्वास सोडायलाही घाबरावं. बोगनवेलीची मुळं केसांसारखी तुटतात. आणि फुलं हवी असली की पाणी तोडायची! पानं मलूल होऊन खाली लोंबेपर्यंत थेंब द्यायची नाही. मी म्हणायचे, "मारतेस का त्याला?" ती म्हणायची, "पोट भरलेलं असलं की हे फुलत नाही, नुसतं पानं काढत बसतं." मग एके सकाळी भरपूर पाणी, आणि दोन-तीन आठवड्यांत सगळं झाड गुलाबी. त्यालाही मी फुलं म्हटलं की ती दुरुस्त करायची. ती फुलं नाहीत, पानंच आहेत रंगीत, फूल आतलं ते पांढरं, नखाएवढं. बाई सुखाने कौतुकही करू द्यायची नाही.

आता मी केलं ते सांगते. टाळून चालणार नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गच्चीत माझ्या वाळत घालायच्या दोरीखाली ताईच्या कुंड्या. किती वेळा सांगितलं होतं, सरकव, सरकव. त्या सकाळी वाऱ्याने माझी नवीकोरी चादर त्या काट्यांत अडकली आणि मी ओढली तर टर्रकन मधोमध फाटली. एकदाही अंथरली नव्हती. तळपायाची आग मस्तकात गेली माझी. ताई तार आणायला बाजारात गेली होती, म्हणून मी दुकानात बसले होते, तणतणत. ते झाड फुललं होतं म्हणून तिने काउंटरवर आणून ठेवलेलं. तेवढ्यात एक बाई मिक्सर घेऊन आल्या. झाड बघून थबकल्याच. "केवढं सुंदर! किती जुनं खोड असेल हो?"

आणि मी म्हणाले, "जुनंच आहे. समोरचा बंगला पाडला ना, तेव्हा तिथून उपटून आणलंय. ताई सांगते आपली सगळ्यांना, काडीपासून वाढवलं म्हणून."

बस. एवढंच. बंगला खरंच पाडला होता त्याच्या दोन वर्षं आधी, कुंपणाची वेल बुंध्यासकट उपटून ट्रकमध्ये घातली होती, त्यामुळे ते पटण्यासारखंही होतं. त्या बाई हसल्या, मिक्सर ठेवून गेल्या. संध्याकाळपर्यंत माझा राग उतरला आणि मी ते वाक्य विसरूनही गेले. राग माझा तसाच आहे, येतो आणि जातो. पण ज्याच्या कानात पडतो त्याच्या कानात राहतो, हे मला कुठे सुचलं होतं?

गेल्या वर्षी बागकामाच्या मंडळाने कुंडीतल्या बुटक्या झाडांच्या, बोन्सायच्या, प्रदर्शनात नवा विभाग काढला, काडीपासून वाढवलेल्या झाडांचा. नाहीतर तिथे सगळी उपटून आणलेलीच झाडं असतात. शंभर वर्षांचं खोड कुणाच्या तरी शेताच्या बांधावरून खणून आणायचं, महागड्या कुंडीत बसवायचं आणि वर नाव लावायचं आपलं. ताईला आयुष्यात कधी कुठे नाव द्यावंसं वाटलं नव्हतं. तो विभाग बघितला आणि ती यांना म्हणाली, "भाऊजी, तेवढा अर्ज भरून द्या." मला नवलच वाटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा तिने स्वतःसाठी काहीतरी मागितलं होतं.

आम्ही दोघी गेलो झाड घेऊन. सकाळी मांडून आलो, दुपारी बघायला गेलो. झाडापुढचं कार्ड होतं, त्यावर लाल पेनाने आडवं लिहिलेलं, 'माहिती खोटी'. लोक वाचत होते. दोघं-तिघं हसत होते. ताई कार्डाकडे बघत राहिली. मंडळाचे सेक्रेटरी आले, टाय लावलेला, हातात फायलींचा गठ्ठा. म्हणाले, "बाई, हे खोड काडीचं नाही. आमच्याकडे खात्रीशीर माहिती आहे. उपटलेल्या झाडांच्या विभागात हलवता का, तर ठेवतो."

"बावीस वर्षं मी वाढवलंय हे," ताई म्हणाली.

"तसं सगळेच म्हणतात."

त्यांच्या मागे त्यांची बायको उभी होती. मिक्सरवाली. मी ओळखलं, त्यांनीही मला ओळखलं. बोलायचं तेव्हाच होतं. एक पाऊल पुढे टाकून म्हणायचं होतं, "मी खोटं बोलले हो, चादर फाटली म्हणून बोलले." जे बत्तीस वर्षं पाण्याच्या बादलीवरून, झाडूवरून, दाराच्या कडीवरून चाललं, त्या माझ्या तोंडाला तिथे कुलूप लागलं. चारचौघांत कोण म्हणेल, मी खोटारडी आहे म्हणून? ताईने झाड उचललं आणि आम्ही घरी आलो.

त्यानंतरचं वर्ष मला विचारू नका. गल्ली लहान, तोंडं मोठी. एक पंपवाला मोटर न्यायला आला, हसत हसत म्हणाला, "तार नवीच आहे ना वाइंडिंगवाली? की इथेही काडीचं खोड?" ताईने ती मोटर त्याच्या हातातून काढून घेतली, कानस घेतली, व्हार्निश खरवडून तार दाखवली, आणि म्हणाली, "बघितलीस? आता दुसरीकडे जा. पुन्हा या दुकानाची पायरी चढायची नाही." आणि दाराबाहेर घातला त्याला. पण असे किती बाहेर घालणार? एक शिंपीण मोटर घेऊन दुसऱ्या दुकानात दाखवून आली, खरी आहे का म्हणून. वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक! ताईचा स्वभाव कडक होताच, आता तो करपला. सेक्रेटरीला, त्या टायला, त्या लाल पेनाला ती येता-जाता शिव्या घालायची. मीही घालायचे. तिच्याहून मोठ्याने. आत कुठेतरी भीतीच होती, की माझा आवाज थांबला तर दुसरंच काही ऐकू येईल.

दोनदा मी चहाचे कप घेऊन खाली गेले, की आज सांगून टाकायचं. दोन्ही वेळा चहा पिऊन वर आले. एकदा तर तिनेच विचारलं. तार सोडवत बसली होती, सहज म्हणाली, "तुला काय वाटतं गं, कुणी सांगितलं असेल त्यांना?"

मी म्हटलं, "लोकांचं काय, लोक काहीही बोलतात."

"हं," ती म्हणाली.

या वर्षी प्रदर्शनाची तारीख लागली. ताईने पाणी तोडलं, मोजून दिलं, आणि झाड असं फुललं की मी एवढ्या वर्षांत पाहिलं नव्हतं. यांनी विचारलं, "वहिनी, पुन्हा कशाला जाताय? अपमान करून घ्यायला?" ताई म्हणाली, "मला बक्षीस नको. मला ते कार्ड खोडून हवंय. ज्या माणसाने लिहिलंय त्याच्या हाताने." अर्जावर तिने पुन्हा तेच लिहिलं, काडीपासून, बावीसच्या जागी तेवीस वर्षं.

हॉल भरलेला होता. पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, ओळीने झाडं. ताईने आपलं झाड टेबलावर ठेवलं आणि शेजारी अवजारांची कापडी पिशवी. मला वाटलं, तार कापायला काही आणलं असेल. सेक्रेटरी आले, अर्ज बघितला, चष्मा खाली केला. "बाई, गेल्या वर्षी झालं ना आपलं बोलणं? मंडळाचा वेळ का घेता? एवढं जाड खोड काडीचं असणं शक्य नाही."

"एका काडीचं नाही. सात काड्यांचं आहे. आत तार आहे माझी."

"बाहेरून तर एकच दिसतंय."

"बाहेरून मोटरीतली तारही दिसत नाही," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला होता, माणसं वळून बघायला लागली होती. "तुम्ही मला खोटी म्हणालात. लाल पेनाने लिहिलंत. पुसा ते."

"पुराव्याशिवाय कसं पुसणार?"

ताईने वळून माझ्याकडे बघितलं. दोन-तीन श्वासांएवढंच, पण बघितलं. मला वाटलं, ती म्हणतेय, चल, जाऊ या घरी. मी खाली मान घातली.

मग तिने पिशवीतून हॅकसॉ काढला. दुकानातला, लोखंडाचा दांडा कापायचा. डाव्या हाताने खोड धरलं आणि मातीच्या चार बोटं वर पातं टेकवून ओढायला सुरुवात केली.

"अहो बाई! अहो, काय करताय!" सेक्रेटरी ओरडले. मीही ओरडले, "ताई, नको!" मी तिचा हात धरायला गेले तर तिने कोपराने मला असं ढकललं की मी मागच्या टेबलावर आदळले. लाकूड मऊ, भुसा ओलसर, पांढऱ्या चादरीवर पडत होता. प्रत्येक ओढीला वरचं झाड हलायचं आणि गुलाबी पानं खाली गळायची. लोकांनी फोन काढले. आणि मग आवाज बदलला. लाकडाचा घसघस आवाज जाऊन करकर लागली, दातांवर शहारा आणणारी. पातं तांब्यावर आलं होतं. ती थांबली नाही. कपाळावरून घाम गळत होता, आणि तोंडाने ती काही पुटपुटत होती. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. शिव्या देत होती.

तेवीस वर्षांचं झाड एका बाजूला कलंडलं. ताईने ते आडवं केलं आणि कापलेली बाजू सेक्रेटरींच्या नाकासमोर धरली. सात गोल होते. मधलं एक, भोवती सहा, एकमेकांत दबून वाकडेतिकडे झालेले, मध्ये सालीच्या काळ्या रेघा. आणि कडेने लाकडाच्या आत तांब्याचे लखलखीत ठिपके.

"मोजा," ताई म्हणाली.

सेक्रेटरी नुसते कापलेल्या बाजूकडे बघत राहिले.

"मोजा म्हणतेय ना!"

सेक्रेटरींनी खरंच बोट लावून मोजलं. सात म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "आमचा गैरसमज झाला. आम्हाला तसं सांगण्यात आलं होतं, तुमच्याच..." त्यांची बायको माझ्याकडे बघत होती.

"कुणी सांगितलं ते मी विचारलेलं नाही," ताईने त्यांचं वाक्य तोडलं. "गेल्या वर्षीचं कार्ड काढा आणि पुसा. लिहा त्यावर, माहिती खरी."

त्यांनी फाईल शोधून कार्ड काढलं, लाल शब्द खोडले, खाली लिहिलं, सही केली. एवढं करून तो माणूस काय म्हणाला ऐका. म्हणाला, "कापलेलं झाड मात्र आता विभागात ठेवता येणार नाही, नियम आहे." माझा तोल गेला. मी त्याला तिथे जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. बोलताना मला बरं वाटत होतं, आणि त्याचवेळी स्वतःची किळस येत होती, कारण आता माझं तोंड फुटलं होतं, आता, झाड कापून झाल्यावर!

टॅक्सीत ताईच्या मांडीवर कुंडी होती, तिच्यात चार बोटांचा बुंधा. वरचं झाड माझ्या मांडीवर. काटे कपड्यांतून टोचत होते, मी हललेही नाही. अर्ध्या रस्त्यात मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"गेल्या वर्षीच. प्रदर्शनानंतर त्यांची बायको पुन्हा मिक्सर घेऊन आली, तेव्हा सांगून गेली. वर म्हणाली, राग मानू नका."

"मग मला का नाही बोललात? झिंज्या धरायच्या होत्या माझ्या! तिथे हॉलमध्ये बोट दाखवायचं होतं, ही बघा, ही माझी जाऊ, हिने लावालावी केली!"

"आणि त्यांनी तुला खोटी म्हटलं असतं," ताई म्हणाली. "त्या टायवाल्याने. तुला खोटी म्हणायला मी आहे घरात. तो कोण लागून गेला?"

"असला मोठेपणा नकोय मला! झाड कापलंत तुम्ही! माझ्या डोक्यावर घातलंत ते!"

"तुझ्यासाठी नाही कापलं. माझ्या शब्दासाठी कापलं." तिचा आवाज इतका थंड होता की टॅक्सीवाल्यानेही आरशात बघितलं. "तू स्वतः बोलशील म्हणून वाट बघितली. वर्षभर बघितली. तुला विचारलं तेव्हाही. आणि आज करवत काढायच्या आधीसुद्धा बघितलं तुझ्याकडे."

घर येईपर्यंत मी रडले, रागाने रडले. तिच्यावर राग, स्वतःवर राग, त्या फाटक्या चादरीवरही राग. ताई बाहेर बघत बसली होती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि ठेवला असता तर मी झटकला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच सेक्रेटरींच्या घरी गेले. ते व्हरांड्यात आपल्या झाडाची पानं फडक्याने पुसत होते. त्यांची बायको दारात आली. मी दोघांसमोर सांगितलं, "तेव्हा मी खोटं बोलले होते. रागात बोलले. माझी जाऊ कधीच खोटं बोलली नव्हती. हे तुमच्या फायलीत लिहून घ्या, मी सही करते."

सेक्रेटरी समजूत घातल्यासारखं हसले. "अहो, आता कशाला? ते तर सिद्धच झालं. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं."

"तरी लिहा!"

"तुमच्या सांगण्याची आता गरज उरली नाही, बाई," ते म्हणाले आणि पुढचं पान पुसायला लागले.

मी परत आले. शटर उघडं होतं. आत तीन गिऱ्हाइकं उभी होती, शिंपीणही होती त्यांत, मान खाली घालून. ताई एका पंपाच्या मोटरीत तार भरत होती. गिऱ्हाइकं जाईपर्यंत मी दारात थांबले. मग सगळं सांगितलं, कुठे गेले होते, काय बोलले ते.

ताईने हातातली तार खाली ठेवली नाही. "मग? काय म्हणाला तो?"

"म्हणाला, आता उपयोग नाही."

"खरं बोलला," ताई म्हणाली, आणि पुढच्या खाचेत कागद सरकवायला लागली.